बिराजदार साहेबांचं एकच घर

दिवाळीच्या पाडव्याला बिराजदार साहेब आमच्या संत तुकाराम नगरातल्या घरी फराळाचं ताट घेऊन यायचे. निगडीहून स्कूटरच्या हुकाला अडकवून आणलेल्या पिशवीतून ते जिन्यातच ताट बाहेर काढायचे, त्यावरचा क्रोशाचा रुमाल चारी बाजूंनी सारखा करायचे आणि मगच बेल वाजवायचे. रिकामं ताट परत द्यायचं नाही, म्हणून आई त्यात आमच्याकडचा फराळ भरायची. भरलेल्या ताटाकडे बघून साहेब अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "ताई, आमच्या चकल्या तुमच्याकडं आल्या, तुमच्या आमच्याकडं निघाल्या. आपसातलं आहे, उडवा! बाहेरून काय आलं तेवढं सांगा." पहिल्या वर्षी आईला यातलं काही कळलं नाही. ते जिना उतरेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग माझ्यावर करवादली, "तुझ्या साहेबांना उडवायच्याच होत्या तर आणल्या कशाला?"

आईला समजावायला मला बराच वेळ लागला, आणि वाचणाऱ्यांनाही थोडं समजावणं भाग आहे, कारण हा माणूस त्याच्या कामाशिवाय सांगताच येत नाही. मी चिंचवडच्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. मोटारींच्या दारांना लागणाऱ्या बिजागऱ्या आणि कुलपं आम्ही बनवतो. बिराजदार साहेब या खात्याचे प्रमुख होते. चिंचवडच्या कंपनीची एक उपकंपनी चाकणला होती. कायद्याच्या दृष्टीनं दोन स्वतंत्र कंपन्या, दोघींची नावं वेगळी, हिशेब वेगळे. पण चाकणची सगळी मालकी चिंचवडच्या हातात, म्हणून दर तिमाहीला दोघींचा मिळून एक ताळेबंद करावा लागायचा. नुसती बेरीज करून ते भागत नाही. चाकणनं पत्र्याचे तुकडे दाबून चिंचवडला विकले, तर चाकणची विक्री आणि चिंचवडची खरेदी, दोन्ही पुसून टाकायच्या. घरातल्या घरात वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, एवढाच त्याचा अर्थ. हे पुसणं म्हणजे साहेबांचं 'उडवणं'.

उभं आयुष्य त्यात गेल्यामुळे त्यांना जिकडेतिकडे आपसातलं दिसायचं. लग्नात दोन व्याह्यांनी एकमेकांना शेले पांघरले की मागच्या रांगेतून हळूच आवाज यायचा, "उडवा." दोन पुढाऱ्यांनी एकमेकांचे सत्कार केल्याची बातमी पेपरात आली की ते पान माझ्यापुढं सरकवायचे, "बाई, याच्यातून बाहेरच्या माणसाला काय मिळालं ते काढ बघू." काही मिळालेलं नसायचंच. आज हे लिहिताना हसू येतं आणि ते पुरतं ओठांवर यायच्या आत विरूनही जातं.

मी नोकरीसाठी त्यांच्यापुढं पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी माझ्या मार्कांचा कागद उघडलासुद्धा नाही.

"घरी मिळवतं कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"मोठा भाऊ. इथंच आहे, तुमच्या प्रेस शॉपमध्ये."

"तो तुला बसचे पैसे देतो?"

"देतो."

"मग तुमच्या घरात एकूण किती आले?"

मी जरा गोंधळले. "दादाचा पगार आला तेवढेच. माझे बसचे पैसे त्यातलेच."

"हाव," साहेब म्हणाले, "निम्मं काम तुला येतंय. उरलेलं मी शिकवतो."

साहेब मूळचे उदगीरकडचे. ठेंगणे, रुंद बांध्याचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्यावर बारा महिने तपकिरी स्वेटर, कारण एसी नेमका त्यांच्या डोक्यावर होता आणि तो बंद करायला सांगणं त्यांना भिडस्तपणामुळे जमायचं नाही. डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. इतकी वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये काढूनही राग आला किंवा गलबलून आलं की त्यांची भाषा गाडी पकडून थेट उदगीरला जायची. चाकणनं चिंचवडला माल विकताना थोडा नफा लावलेला असायचा. तो माल चिंचवडच्या गोदामात तसाच पडून असला तर तो नफा धरायचा नसतो, कारण घराबाहेर अजून काही गेलेलंच नाही. सुरुवातीला मी हे विसरायचे. मग साहेब खुर्चीतून अर्धे उठायचे. "काय करायलीस, बाई? लेकीनं आईला विकलं आणि तू नफा धरायलीस? आईच्या फडताळात वस्तू तशीच आहे की अजून! घरात पैसा कुठून आला?" आजूबाजूची टेबलं हसायची. मला तेव्हा राग यायचा, पण मी ते पुन्हा कधी विसरले नाही.

मार्चअखेरीला त्यांचा खरा रंग दिसायचा. चाकणहून ट्रक निघाला की चाकणवाले विक्री लिहून मोकळे व्हायचे. ट्रक चिंचवडच्या दारात आल्याशिवाय आमचे लोक खरेदी लिहायचे नाहीत. मधे वर्ष संपलं की दोन्ही आकडे जुळायचे नाहीत. दुसरा कुणी असता तर फरकाची एक नोंद टाकून घरी गेला असता. साहेब ड्रायव्हरला फोन लावायचे. ट्रक मोशीच्या अलीकडे गर्दीत उभा असायचा, ड्रायव्हर वैतागलेला असायचा, आणि साहेब त्याची अशी चौकशी करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातली लेकुरवाळी सून माहेराहून निघाली आहे. "पाणी पिलास का? ताडपत्री घट्ट आहे ना?" फोन ठेवून ते आमच्याकडे वळायचे. "हरवलं नाही काही. घरातलंच आहे, फक्त रस्त्यात आहे." दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पहिला प्रश्न, ट्रक पोचला का. मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. पण त्या माणसाला दोन्ही कंपन्या खरोखरच एक घर वाटत होत्या, हे मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं असं आता कधी कधी मनात येतं. ओळखून मी काय करणार होते, ते मात्र सुचत नाही.

मग पत्रा दाबायच्या प्रेस हलवायची वेळ आली. चिंचवडच्या कारखान्याभोवती उंच उंच टॉवर उभे राहिले होते आणि तिथल्या लोकांच्या तक्रारी यायला लागल्या की प्रेसच्या ठोक्यांनी कपबशा वाजतात, लहान मुलं दचकून उठतात. कारखाना आधीचा, टॉवर नंतरचे, पण हे ऐकून कोण घेतो? प्रेस चाकणला न्यायचं ठरलं. प्रेस चालवणाऱ्या माणसांनी चिंचवडच्या कंपनीचा राजीनामा द्यायचा आणि चाकणच्या कंपनीत नव्यानं लागायचं. त्यात माझा दादा होता. वीसएक वर्षं चिंचवडच्या मस्टरवर नाव असलेला माणूस, त्याला एका सहीनं दुसरीकडे जायचं होतं. माणसं बिथरली. कुणी सही करेना. चहाच्या सुट्टीत एकच बोलणं, चाकण वेगळी कंपनी आहे, तिचं काही झालं तर आपल्याला कोण विचारतो?

कंपनीचा कारभार तेव्हा मालकांच्या धाकट्या मुलाकडे आला होता. त्यांना सगळे धाकटे शेठ म्हणायचे आणि ते साहेबांना काका म्हणायचे. त्यांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. "काका, कामगारांचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही समजावून सांगा. आपण सगळे एकच आहोत ना?" साहेब हे मला सांगत बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. एकच आहोत, हे ते जन्मभर आकड्यांतून सांगत आले होते आणि आज ते मालकाच्या तोंडून ऐकत होते.

कँटीनमधली ती दुपार मला स्पष्ट आठवते. साहेबांनी एकत्रित ताळेबंदाच्या पहिल्या दोन पानांच्या छायाप्रती काढून आणल्या होत्या आणि त्या टेबलाटेबलावर वाटल्या. "घ्या, बघा. सगळ्यांनी बघा. याच्यात चाकण कुठं आहे, दाखवा मला." माणसं बोट फिरवत शोधायला लागली. कुणाला काही सापडेना.

"नाही ना?" साहेब म्हणाले. "कामून नाही? कारण वेगळं नाहीच. चिंचवडची जमीन, चाकणची जमीन, इथली प्रेस, तिथली प्रेस, सगळं एकात एक. मी दर तीन महिन्यांनी माझ्या हातानं हे करतो. घर एकच आहे, लेकरांनो. तुम्ही ह्या खोलीतून त्या खोलीत चाललाय."

दादा उठून उभा राहिला. तो सभेत बोलणाऱ्यांतला नाही, पण त्या दिवशी बोलला. "साहेब, उद्या चाकण बंद पडलं तर?"

"तर इकडं या. घरचा माणूस घरी येईल, अजून काय? माझा शब्द आहे."

युनियनवाल्यांनी मान डोलावली. शेळके नावाचे एक म्हातारे प्रेस ऑपरेटर होते, खेडकडचे. त्यांनी सगळ्यांत आधी सही केली आणि मग रांग लागली. दादानंही केली. संध्याकाळी घरी येऊन तो आईला म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर झालं की." आईनं देवापुढं साखर ठेवली.

लेखी मात्र कुणी काही घेतलं नाही. साध्या टॅक्सीच्या बिलावर सही नसली तर मला तासभर बोलणारा हा माणूस, त्यानं मालकाकडून एक ओळ लिहून घेतली नाही. यावर मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, ज्यानं दर तिमाहीला दोन घरांमधली भिंत स्वतःच्या हातानं पुसली, त्याला ती भिंत दिसायचीच बंद झाली होती. बाहेरचा कुणी अडाणी माणूस या चुकीत सापडला नसता. ती चूक फक्त त्यांच्यासारख्या जाणकाराकडूनच होण्यासारखी होती.

पहिली काही वर्षं बरी गेली. एकदा जेवताना मी दादाला गंमत म्हणून सांगितलं की तुम्ही चाकणवाल्यांनी केलेली सगळीच्या सगळी विक्री आम्ही एकत्रित हिशेबात उडवतो, कारण तुमचं गिऱ्हाईक एकटं चिंचवडच. त्याचा घास हातात राहिला. "म्हणजे आम्ही शिफ्टभर प्रेस मारायची, ओव्हरटाइम करायचा, आणि तुझ्या कागदावर काहीच नाही?"

"आहे रे. शेवटी दारांची कुलपं विकली जातात, त्याच्या आत आहे."

"दिसतं का पण?"

"नाही दिसत."

"मग असू दे," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

नंतर चिंचवडनं पत्र्याचे तुकडे बाहेरून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या राज्यातली एक कंपनी ते स्वस्तात देत होती. आधी एका नव्या मॉडेलचे तुकडे तिकडून आले, मग जुन्याचेही. याचा पहिला पत्ता चाकणच्या कामगारांना लागला नाही, तिथल्या मॅनेजरांनाही लागला नसेल. तो साहेबांना लागला. एका तिमाहीला हिशेब जुळवताना ते थांबले आणि म्हणाले, "यंदा उडवायला कमी आहे, बाई." पुढच्या तिमाहीला अजून कमी. आपसातली विक्री आटत चालली होती. जन्मभर ते आकडे उडवत आलेला माणूस आता कागदावर वाकून मोठा आकडा यावा म्हणून वाट बघायला लागला. बाकीच्या ऑफिसात आनंदीआनंद होता, कारण बाहेरचा माल स्वस्त पडल्यानं एकत्रित नफा वाढला होता आणि पेढे वाटले गेले. साहेबांनी पेढा घेतला, टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी तो तसाच होता.

"दोघांची बेरीज चांगली आली की एक उपाशी आहे हे कुणाला कळणार?" ते मला म्हणाले. "मीच केली ही बेरीज."

ते धाकट्या शेठकडे गेले, एकदा नाही, अनेकदा. "बाहेरचा तुकडा स्वस्त पडतो काका," एवढंच उत्तर. "पण घरातली लेक रिकामी बसलीय," साहेब म्हणायचे. "बघू," धाकटे शेठ म्हणायचे. त्या 'बघू'च्या पुढं साहेबांचं काही चालायचं नाही. चाकणला दादा आणि त्याचे सोबती प्रेस पुसत बसायचे. पगार चालू होता, हाताला काम नव्हतं, आणि ज्यानं ज्यानं कारखान्यात दिवस काढलेत त्याला कळेल की यात सुख नसतं.

शेवटी चाकणची कंपनी विकली. घेणाऱ्याला प्रेसमध्ये रस नव्हता, रस्त्यालगतच्या जागेत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. बातमी कळली तेव्हा चाकणची माणसं घाबरली नाहीत, याचं मला आज सगळ्यांत वाईट वाटतं. दादा तर शिट्टी वाजवत घरी आला. "चला, परत चिंचवड. जायचा-यायचा वेळ वाचला राव." त्या सगळ्यांनी मिळून अर्ज केला की आम्हाला चिंचवडला परत घ्या. चिंचवडच्या ऑफिसातून उत्तर आलं, तुम्ही चिंचवडचा राजीनामा दिलेला आहे आणि चाकण ही स्वतंत्र कंपनी आहे.

साहेब केबिनमध्ये गेले तेव्हा फाइली घेऊन मी मागे होते. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं नाही आणि धाकट्या शेठनीही नाही. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ताळेबंदाचं पुस्तक उघडलं, पण पहिली दोन पानं नाही. शेवटाकडची टिपांची पानं काढली आणि वाचून दाखवलं. "'समूहातील सर्व कंपन्या जणू एकच संस्था आहेत असे समजून हा ताळेबंद मांडला आहे.' काका, हे तुम्हीच लिहिलंय ना? जणू. तुम्हाला मी काय सांगणार? हे तर तुम्ही आम्हाला शिकवलंत."

आवाज चढवला असता, टेबलावर हात आपटला असता, तरी बरं झालं असतं. ते इतक्या आदरानं बोलत होते की भांडायला जागाच नव्हती.

"शेठ, मी त्यांना तुमचा शब्द दिला होता," साहेब म्हणाले.

"माझा कुठं, काका? मी तुम्हाला समजावून सांगा म्हटलं होतं. तुम्ही कसं सांगितलंत ते मला काय ठाऊक?"

"मग मी राजीनामा देतो."

धाकटे शेठ थोडं हसले, वाईट हसले नाहीत. "काका, तुम्ही यंदा तसेही निवृत्तच होताय."

साहेब उठले. दारापाशी त्यांना हँडल सापडेना, ते भिंत चाचपत राहिले, तेव्हा मी दार उघडलं. इतका हुशार माणूस, पण मालकापुढं टाकायला त्याच्या हातात राजीनामासुद्धा उरला नव्हता.

चाकणला जाऊन सांगायचं काम कुणीही केलं असतं. नोटीस लावली असती तरी चाललं असतं. साहेब स्वतः गेले. काय झालं ते दादानं मला सांगितलं. गेटसमोरच्या झाडाखाली सगळे जमले होते. साहेब म्हणाले, "मला जमलं नाही. मी सांगितलं होतं ते खोटं निघालं." कुणी शिवी दिली नाही. शेळक्यांनी वॉचमनची खुर्ची आणून ठेवली. "बसा साहेब. च्या घ्या." साहेब बसेनात. ते म्हणाले, "शेळके, तुम्ही सगळ्यांत आधी सही केली होती. मागची पानं मी तुम्हाला दाखवली नाहीत." शेळके म्हणाले, "आमी कंचीच पानं वाचली न्हाईत साहेब. तुमच्या तोंडाकडं बघितलं व्हतं."

म्हाताऱ्यानं ते दिलासा म्हणून म्हटलं होतं. दादानंही दिलासाच दिला, "तुम्ही तरी काय करणार, साहेब." परतताना साहेबांना स्कूटर चालू करता येईना. दादानं किक मारून दिली.

विक्रीच्या तारखेपर्यंत चाकणचे आकडे घ्यायचे आणि त्या तारखेपासून चाकण काढून टाकायचं, असा तो शेवटचा हिशेब. साहेब तो दुसऱ्या कुणावर सोपवू शकले असते, पण त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसून एकेक ओळ सांगितली. चाकणची जमीन काढ. चाकणची शेड काढ. चाकणच्या प्रेस काढ. मी काढत गेले. आवाज अगदी सपाट होता, उदगीर त्यात कुठंच नव्हतं. शेवटी मालाशी आलो तेव्हा मला दिसलं, विक्रीच्या दिवशी चाकणहून शेवटचा ट्रक निघाला होता आणि तो चिंचवडला पोचल्याची नोंद नव्हती.

"साहेब, हा ट्रक कुठं धरू?"

ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बाहेरचा माल."

"ड्रायव्हरला फोन करू?"

"कामून?" ते म्हणाले. "आपला कुठं आहे तो?"

मग त्यांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकानं पुसत बसले. तो पुसून झाल्यावरही पुसतच होते. मी दुसरीकडे बघितलं.

नव्या मालकानं पावसाळा संपायच्या आत प्रेस भंगारात काढल्या. साहेब त्याआधीच निवृत्त झाले होते. निरोप समारंभात धाकट्या शेठनी त्यांना शाल पांघरली आणि साहेबांनी शेठना पुष्पगुच्छ दिला. मी मागच्या रांगेत होते. सवयीनं माझ्या मनात 'उडवा' आलं, पण साहेब तसं काही बोलले नाहीत. ते नुसते खाली बघत होते.

त्यानंतर ते रिकामे बसले नाहीत. स्कूटर काढून रोज कुठं ना कुठं जायचे. भोसरीतली छोटी वर्कशॉप, तळेगाव दाभाड्याच्या पुढची नवी युनिटं, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. "माझी माणसं आहेत, प्रेसवर हात बसलेला आहे," असं सांगत फिरायचे. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस कुणाला नको होता. तिथं सगळीकडे ठेकेदाराची पोरं, सहा महिने ठेवायची आणि बदलायची. साहेब दुपारच्या उन्हात घरी येऊन बायकोला, सुमनवहिनींना, म्हणायचे, "आज एकानं बघतो म्हटलंय." वहिनींनी मला हे नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी रोज हाव म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?"

मी त्याच कंपनीत राहिले, अजून आहे. घरातली एक नोकरी गेल्यावर दुसरी सोडण्याइतकी चैन आम्हाला परवडण्यासारखी नव्हती. दादाला शेवटी वॉचमनची नोकरी मिळाली, चिंचवडच्या कारखान्याला लागून असलेल्या एका टॉवरच्या गेटवर. "आता कपबशा वाजत नाहीत इथं," असं तो हसून सांगतो. आई अशा वेळी उठून आत जाते.

साहेब मागच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा ते उठले नाहीत. निगडीच्या स्मशानात कंपनीतर्फे मोठा हार आला होता. चाकणची जमली तेवढी माणसं आली होती, शेळके नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले होते. दादा ड्यूटीचा युनिफॉर्म घालूनच आला, कारण त्याला लगेच परत जायचं होतं.

पण माझ्या मनात साहेब अडकलेत ते त्याआधीच्या पाडव्याचे. चाकण गेल्यानंतरची ती पहिलीच दिवाळी. मला वाटलं होतं, यंदा ते येणार नाहीत. बेल वाजली. दारात साहेब, हातात ताट, रुमाल चारी बाजूंनी सारखा केलेला. आत या म्हटलं तर येईनात. "फक्त द्यायला आलो होतो," म्हणाले. शेवटी दादानं त्यांचा हात धरून आत आणून बसवलं. आईनं नेहमीसारखं ताट आत नेलं, रिकामं केलं, आमच्या चकल्या आणि शंकरपाळे भरून बाहेर आणलं. ते त्यांच्यापुढं ठेवलं तेव्हा मीच म्हटलं, "काय साहेब, आपसातलं आहे. उडवायचं ना?"

ते हसले नाहीत. ताटाकडे बघत म्हणाले, "कामून उडवायचं, बाई? तुमचं घर वेगळं, माझं वेगळं. तुमच्या घरातून माझ्या घरी आलंय. हे धरायचं असतं."

दादा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला होता. त्यानं साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "साहेब, ते कंपनीचं कंपनीत. इथं तुम्ही बाहेरचे नाही. हे घर तुमचंच आहे."

साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि भाषा पुन्हा उदगीरला गेली होती.

"असं नुसतं तोंडी म्हणू नको रे लेकरा," ते म्हणाले. "तोंडी म्हटलं की माणसाला खरं वाटतंय."